हातातला गेमिंग पीसी घेऊ का नको? फेलोशिपच्या पहिल्या पैशांचा एक संशोधनप्रश्न



आजचा विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. पेट, सिनॉप्सिस, लिटरेचर सर्व्हे यातलं काहीच नाही. आज आपण गेम खेळायच्या यंत्राबद्दल बोलणार आहोत. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात जे शिकायचं आहे ते लॅबमध्ये उपकरण घेताना आणि पेपरमधला आकडा वाचताना जसंच्या तसं उपयोगी पडतं.

झालं असं, की गेल्या महिन्यात विभागातला एक ज्युनिअर कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. पहिल्या काही महिन्यांची फेलोशिप त्याच्या खात्यावर एकदम जमा झाली होती. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचे एवढे पैसे हातात आलेले. त्याला हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी घ्यायचा होता. त्यानं एक्सेल शीट केली होती: सहा यंत्रं, चौदा रकाने, प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण आणि शेवटी बेरीज. एक यंत्र तीन गुणांनी पहिलं आलं होतं.

"ताई, शीटनं सांगितलंय हाच घ्यायचा. तरी तुम्ही एकदा बघा की. घेऊ का नको?"

जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. एसूसचा आरओजी अ‍ॅलाय भारतात जुलै २०२३ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची फेलोशिप. त्याच्या घरी गडहिंग्लजला या पैशांकडे डोळे लावून बसलेली माणसं आहेत, आणि त्याचा लॅपटॉप चालू व्हायला चहा पिऊन यावं लागतं. त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता. मी म्हटलं, "शीट ठेवून जा, दोन दिवस दे."

ती शीट बघताना माझ्या लक्षात आलं, की त्यानं केलेल्या चुका मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी केल्या होत्या. फक्त माझ्या रकान्यांत टेराफ्लॉप्सऐवजी फॅरड प्रति ग्रॅम होते.

आधी वस्तू काय आहे ते बघू

हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणजे दोन्ही बाजूंना कंट्रोलर आणि मध्ये सात-आठ इंची पडदा असलेला पूर्ण संगणक. मोबाइल नव्हे. आत लॅपटॉपसारखाच प्रोसेसर असतो, आणि सीपीयू व ग्राफिक्स एकाच चिपवर असतात. ही कल्पना लोकप्रिय केली वॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकनं. त्याची घोषणा जुलै २०२१ मध्ये झाली आणि तो फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकांच्या हातात पडला. २०२३ मध्ये आरओजी अ‍ॅलाय आणि लिनोव्होचा लीजन गो आला, नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीम डेकची ओलेड पडद्याची आवृत्ती आली, २०२४ मध्ये एमएसआयचा क्लॉ आणि अ‍ॅलाय एक्स, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय.

यातला एक फरक लक्षात ठेवा. स्टीम डेकवर स्टीमओएस, म्हणजे लिनक्स असतं. बाकीच्या बहुतेकांवर विंडोज असतं. लीजन गो एस मात्र २०२५ पासून स्टीमओएससहही मिळायला लागला. हा फरक नंतर फार महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिली चूक: प्रश्नाआधी उपकरण

मी त्याला पहिलं काम दिलं: "तुला यंत्र कशासाठी पाहिजे ते एका वाक्यात लिही. त्यात कोणते गेम, कुठे बसून आणि किती वेळ हे तिन्ही आलं पाहिजे."

त्याला अर्धा तास लागला. लिहिलं ते असं: "शनिवार-रविवारी गडहिंग्लजला जाता-येताना एसटीत दोन-दोन तास, आणि होस्टेलवर रात्री तासभर गेम खेळण्यासाठी, शिवाय पायथनचं कामही त्यावर करता यावं."

मी विचारलं, "सध्या रोज काय खेळतोस?"

"बीजीएमआय. रूममधले सगळे तेच खेळतात."

बीजीएमआय अँड्रॉइड आणि आयफोनवर चालतो. तो पीसीचा गेमच नाही. म्हणजे सत्तर हजारांचं यंत्र घेऊनही रात्री मित्रांबरोबर खेळायला त्याला पुन्हा मोबाइलच हातात घ्यावा लागला असता. चौदा रकान्यांत ही गोष्ट कुठेच दिसत नव्हती, कारण रकाने यंत्रांच्या जाहिरातींवरून पाडलेले होते, त्याच्या गरजेवरून नाही.

संशोधनातही असंच होतं. "आमच्याकडे अमुक मशीन आहे, त्यावर काय करता येईल?" असं म्हणून विषय निवडला, की तीन वर्षांनी गाईड विचारतात, "हे सगळं नेमकं कशासाठी मोजलंस?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

दुसरी चूक: अटींशिवाय आकडा

शीटमध्ये "ग्राफिक्स ताकद" असा रकाना होता. स्टीम डेक १.६ टेराफ्लॉप्स, झेड१ एक्स्ट्रीम चिपचा अ‍ॅलाय ८.६ टेराफ्लॉप्स. त्यानं डेकला २ आणि अ‍ॅलायला १० गुण दिले होते. पाचपटीपेक्षा जास्त फरक आहे म्हटल्यावर बरोबरच वाटतं.

पण हे आकडे येतात कुठून? ते मोजलेले नाहीत, गुणाकार करून काढलेले आहेत. तुम्हीही वहीत करून बघा.

डेक: ८ कॉम्प्युट युनिट × प्रत्येकात ६४ गणनवाटा × एका ठोक्यात २ क्रिया × १.६ गिगाहर्ट्‌झ = १,६३८ गिगाफ्लॉप्स, म्हणजे १.६ टेराफ्लॉप्स.

अ‍ॅलाय: १२ युनिट × ६४ × २ × २.८ गिगाहर्ट्‌झ = ४,३०१ गिगाफ्लॉप्स. म्हणजे ४.३. मग ८.६ कसे झाले? या चिपची रचना नवी आहे. ठरावीक परिस्थितीत ती एका ठोक्यात दोन सूचना एकदम चालवू शकते, म्हणून आणखी एकदा दोननं गुणलं. खऱ्या गेममध्ये अशा जोड्या प्रत्येक वेळी जुळत नाहीत. शिवाय २.८ गिगाहर्ट्‌झ हा कमाल वेग आहे, बॅटरीवर कमी वॉटमध्ये चिप तिथं टिकत नाही.

आता दुसरा आकडा बघा, जो शीटमध्ये नव्हताच. मेमरीतून माहिती किती वेगानं येते? पहिल्या स्टीम डेकमध्ये सेकंदाला ८८ जीबी, अ‍ॅलायमध्ये १०२.४ जीबी. फरक फक्त १६ टक्के. दोन्हींत १६ जीबी मेमरी आहे आणि ती सीपीयू व ग्राफिक्स वाटून घेतात. स्वयंपाकघरात आचारी पाचपट वाढवले, पण भाजी आणून देणारा पोरगा एकच ठेवला, तर पंगत पाचपट लवकर उठत नाही. संगणकशास्त्रात या विचाराला रूफलाइन मॉडेल म्हणतात. विल्यम्स, वॉटरमन आणि पॅटरसन यांनी ते २००९ मध्ये मांडलं. गणना करण्याची क्षमता आणि माहिती पुरवण्याची क्षमता यांपैकी तुमच्या कामाला जी आधी कमी पडते, तीच तुमची खरी मर्यादा असते. तुम्ही सिम्युलेशनवाले असाल तर हे मॉडेल नक्की वाचा.

आमच्या सुपरकपॅसिटरच्या क्षेत्रात याचा सख्खा भाऊ आहे. काचेवर किंवा स्टीलवर अगदी पातळ थर बसवायचा, इतका पातळ की त्याचं वजन मिलिग्रॅमच्याही अंशात यावं. मग कपॅसिटन्सला त्या वजनानं भागायचं. आकडा छान मोठा येतो. पण थर जाड केला की तो टिकेलच असं नाही, आणि खऱ्या उपकरणात इलेक्ट्रोलाइट, कलेक्टर, आवरण यांचंही वजन असतंच. गोगोत्सी आणि सिमॉन यांनी २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. मी तो लेख तिसऱ्या वर्षी वाचला. पहिल्या वर्षी वाचला असता तर बरं झालं असतं.

नावातल्या आकड्यांचंही तसंच. एक्सबॉक्स अ‍ॅलायच्या साध्या आवृत्तीतली चिप झेड२ ए. नावावरून ती झेड१ एक्स्ट्रीमच्या पुढची वाटते. प्रत्यक्षात तिच्यात झेन २ चे चार कोअर आणि आरडीएनए २ ची आठ युनिटं आहेत, म्हणजे स्टीम डेकच्याच पिढीची रचना. झेड१ एक्स्ट्रीममध्ये मात्र झेन ४ चे आठ कोअर आहेत. नाव मार्केटिंग विभाग ठेवतो. आपण आतली रचना वाचायची.

वॉट: सगळ्याचा मूळ हिशोब

हँडहेल्डचं खरं चलन वॉट आहे. मी त्याला म्हटलं, बाकी सगळं विसरलास तरी हा एक हिशोब विसरू नकोस.

पहिल्या डेकची बॅटरी ४० वॉट-तास, ओलेड डेकची ५०, अ‍ॅलायची ४०, अ‍ॅलाय एक्सची ८०. चिपला किती वॉट द्यायचे हे आपण ठरवू शकतो. समजा पडदा, वायफाय, पंखा वगैरे मिळून ८ वॉट जातात. मग ४० वॉट-तासांवर:

चिपला २५ वॉट दिले तर एकूण ३३ वॉट, म्हणजे साधारण ७३ मिनिटं.
चिपला १५ वॉट दिले तर एकूण २३ वॉट, म्हणजे साधारण १०४ मिनिटं.
चिपला ८ वॉट दिले तर एकूण १६ वॉट, म्हणजे अडीच तास.

कोल्हापूर ते गडहिंग्लज एसटीला दोन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे ४० वॉट-तासांच्या यंत्रावर पूर्ण ताकदीचा गेम लावला तर वाटेतच बॅटरी संपणार. पुरवायचं असेल तर हलका गेम, कमी वॉट किंवा मोठी बॅटरी. जाहिरातीत मात्र वेग २५-३० वॉटचा असतो आणि बॅटरीचे तास हलक्या वापराचे. दोन्ही आकडे खरे, पण ते एकाच वेळी खरे नसतात.

आता वॉट वाढवले की वेग तेवढाच वाढतो का? नाही. बारावीच्या फिजिक्सच्या थोडं पुढचं सूत्र आहे: चिपची शक्ती ही व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारिता याच्या प्रमाणात असते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. ढोबळ मानानं शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते असं धरा. मग १५ वरून २५ वॉटवर गेलो, म्हणजे ६७ टक्के जास्त वीज जाळली, तर वेग सुमारे १९ टक्के वाढतो. हे ढोबळ मॉडेल आहे, प्रत्यक्ष चिप थोडी इकडं-तिकडं होईल. पण दिशा कळते: शेवटच्या थोड्या वेगासाठी बॅटरी फार खर्च होते.

उष्णतेचंही बघा. स्टीम डेक ० ते ३५ अंश तापमानात सर्वांत चांगला चालतो असं वॉल्व्हनं २०२२ च्या उन्हाळ्यात सांगितलं होतं. चिप फार तापली की स्वतःहून वेग कमी करते. आपल्याकडे एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या होस्टेलच्या खोलीत दुपारी ३५ कधीच ओलांडलेले असतात. विदर्भातल्या वाचकांना तर काही सांगायलाच नको. परदेशातल्या एसी खोलीत केलेला रिव्ह्यू बघताना हे डोक्यात असू द्या.

तिसरी चूक: दोन वेगळ्या प्रयोगांची तुलना

शीटमध्ये "गेममधले फ्रेम" हा रकाना वेगवेगळ्या व्हिडिओंमधून भरलेला होता. डेकचा आकडा डेकच्या पडद्यावरचा, लीजन गोचा त्याच्या पडद्यावरचा. डेकचा पडदा १२८० × ८००, म्हणजे १०.२४ लाख पिक्सेल. अ‍ॅलायचा १९२० × १०८०, म्हणजे २०.७ लाख. लीजन गोचा २५६० × १६००, म्हणजे ४०.९६ लाख, डेकच्या बरोबर चौपट. चौपट पिक्सेल रंगवणाऱ्याचे आणि एकपट रंगवणाऱ्याचे फ्रेम शेजारी-शेजारी लिहून तुलना होत नाही.

हे मी शहाणपणानं सांगतेय असं वाटू नये म्हणून माझीच फजिती सांगते. मागच्या वर्षी होस्टेलवर दोन मैत्रिणींकडून डेक आणि अ‍ॅलाय मिळाले. मी म्हटलं, चला, शास्त्रीय तुलना करू. गेम निवडला 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला, २०२० चा. फ्रेमची मर्यादा काढली, दोन्हींवर तोच प्रसंग, दहा-दहा मिनिटं, तीन-तीन वेळा. अ‍ॅलाय इतका पुढं गेला की मी ग्रुपवर आलेखसुद्धा टाकला.

रात्री वायर गुंडाळताना लक्षात आलं, की अ‍ॅलायची बॅटरी उतरली होती म्हणून तो पूर्ण वेळ चार्जरवर होता. चार्जरवर त्याची टर्बो पद्धत चिपला ३० वॉटपर्यंत देते. डेक बॅटरीवर, १५ वॉटवर. मी यंत्रांची तुलना केलीच नव्हती, वॉटची केली होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅटरीवर, दोन्ही १५ वॉट, दोन्ही १२८० × ७२० वर परत मोजले. फरक जवळजवळ दिसेनासा झाला. ग्रुपवरचा आलेख काढून टाकावा लागला, आणि अजूनही कुणीतरी "ताई, चार्जर काढलाय ना?" म्हणून चिडवतं.

तीन वेळा मोजलं म्हणून निकाल बरोबर ठरत नाही. चुकीची अट तीन वेळा तशीच ठेवली, तर तीच चूक तीन वेळा अचूक मिळते.

चौथी चूक: सरासरीवर विश्वास

एका यंत्रावर १०० फ्रेमपैकी ९५ फ्रेम १५ मिलिसेकंदांत आले आणि ५ फ्रेमना ७५ मिलिसेकंद लागले असं समजा. एकूण १,८०० मिलिसेकंद, म्हणजे सरासरी सेकंदाला ५५ ते ५६ फ्रेम. दुसऱ्या यंत्रावर प्रत्येक फ्रेम बरोबर २५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला ४०. सरासरीत पहिलं जिंकलं. खेळताना मात्र पहिलं यंत्र सारखं अडखळतं आणि दुसरं गुळगुळीत वाटतं.

म्हणून चांगले रिव्ह्यू सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचाही आकडा देतात. तो शोधा. आणि ४० ला हसू नका. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, ६० म्हणजे १६.७, आणि या दोहोंच्या बरोबर मध्ये येतात २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० फ्रेम. डेकवर पडद्याचा वेगच ४० ला बांधता येतो. बॅटरी वाचते आणि खेळ सलग राहतो.

तुमच्या डेटाचंही हेच. सरासरी लिहिण्याआधी विखुरण बघा. एरर बार ही पेपर सजवायची वस्तू नाही.

सॉफ्टवेअर: जिथं खरी निवड होते

शीटमध्ये चौदापैकी बारा रकाने हार्डवेअरचे होते. सॉफ्टवेअरला एकच, आणि त्यात सगळ्यांना ७ गुण. खरं तर इथंच होय किंवा नाही ठरतं.

विंडोजचे गेम स्टीमओएसवर कसे चालतात? प्रोटॉन नावाच्या भाषांतराच्या थरामुळे. वॉल्व्हनं तो २०१८ मध्ये आणला. त्याचा पाया वाइन हा १९९३ पासून चालत आलेला मुक्त प्रकल्प. गेम विंडोजच्या डायरेक्टएक्स भाषेत बोलतो, प्रोटॉनमधले भाग ते लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून देतात. एकट्यानं खेळायचे बहुतेक गेम यामुळे मुकाट चालतात. अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये, कारण त्यांचं फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर थेट विंडोजच्या गाभ्यात बसतं. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट स्टीमओएसवर चालत नाहीत. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला, आणि एपेक्स लीजंड्सनं त्याच वर्षी लिनक्सचा आधार काढून घेतला. म्हणजे आज चालतोय तो गेम उद्या चालेलच असंही नाही.

विंडोजच्या यंत्रावर हे सगळं चालतं. पण विंडोज मुळात माऊस आणि कीबोर्डसाठी बनलेलं आहे. सात इंची पडद्यावर अपडेटची खिडकी बोटानं बंद करायची म्हणजे वैताग. डेकवर खेळ मध्येच थांबवून बटण दाबलं आणि नंतर तिथूनच सुरू केला, हे विनासायास होतं. एसटीत तिकीट काढायला कंडक्टर आला की याचं महत्त्व कळतं.

आता त्याच्या वाक्यातला "पायथनचं काम" हा भाग. डेकवर डेस्कटॉप पद्धत आहे. डॉक लावून मॉनिटर, कीबोर्ड जोडला की तो साधा लिनक्स संगणक होतो. पण स्टीमओएसचा मूळ भाग फक्त वाचण्यापुरता खुला असतो. तो उघडून काही बसवलं तर पुढच्या अपडेटला ते पुसलं जाऊ शकतं. त्यासाठी कंटेनर वापरणं हा मार्ग. आणि डीप लर्निंग करायचं असेल तर लक्षात ठेवा, की कुडा फक्त एनव्हिडियाच्या ग्राफिक्सवर चालतं. वर सांगितलेल्या यंत्रांत एएमडी किंवा इंटेल आहे. "गेमही होतील आणि मॉडेलही ट्रेन होईल" हे कारण घरी सांगायला छान, पण ते खरं नाही.

दुरुस्तीचाही विचार आधी करा. स्टीम डेक वॉल्व्हनं भारतात अधिकृतपणे विक्रीला आणलेला नाही. दुकानात दिसतो तो बाहेरून आणलेला, म्हणजे वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर. लॅबमध्ये उपकरण घेताना गाईड पहिला प्रश्न विचारतात, "सर्व्हिस इंजिनिअर कुठून येणार?" तोच प्रश्न इथंही.

गुणांच्या बेरजेचं काय करायचं?

त्या शीटमध्ये वजन, पडदा, बॅटरी, रंग सगळ्यांना समान महत्त्व होतं. मी त्याच्यासमोर बॅटरीचं महत्त्व दुप्पट केलं, दुसरंच यंत्र पहिलं आलं. मग वजनाचं दुप्पट केलं, तिसरंच आलं. तो म्हणाला, "ताई, मग शीट काय कामाची?"

शीट कामाची आहे, पण तिच्याकडून काय विचारायचं ते माहीत पाहिजे. थोडं महत्त्व बदललं की विजेता बदलतो, याचा अर्थ तुमच्या माहितीत या यंत्रांमधला फरक स्पष्ट नाही. तीन गुणांचा विजय म्हणजे विजय नव्हेच. संशोधनात याला सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात, आणि रिव्ह्यूअर तुम्हाला हाच प्रश्न विचारणार.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बाद करणाऱ्या अटी: माझा गेम चालत नसेल तर बाद, जवळपास दुरुस्ती नसेल आणि मला ती जोखीम नको असेल तर बाद, बजेटबाहेर असेल तर बाद. त्यात जे टिकतील त्यांनाच गुण द्या. आणि शेवटी एक ओळ नक्की घाला, जी त्याच्या शीटमध्ये नव्हती: "काहीच न घेणे". प्रयोगात कंट्रोल लागतो, तसा निर्णयातही लागतो.

मग त्यानं काय केलं?

मी त्याला एक शेवटचं काम दिलं. मैत्रिणीचा डेक एका शनिवार-रविवारपुरता मागून दिला आणि म्हटलं, "तुझ्या एसटीत, तुझ्या सीटवर, तुझ्या रस्त्यावर मोजून ये."

सोमवारी तो हसतच आला. निपाणीच्या अलीकडेच त्याला मळमळायला लागलं होतं. हलत्या गाडीत मान खाली घालून सात इंची पडद्यावर बघणं त्याला अर्धा तासही जमलं नाही. डेक पिशवीत टाकून तो झोपला. येतानाही झोपलाच. चौदा रकान्यांत हे कुठं होतं? आणि कुणाच्या रिव्ह्यूमध्ये असणार होतं?

त्यानं हँडहेल्ड घेतला नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि रॅम बसवून घेतली, काही हजारांत काम झालं. थोडे पैसे घरी पाठवले. बाकीचे ठेवलेत, "दिवाळीनंतर बघू" म्हणतोय. बघू दे. गेम खेळण्यात वाईट काही नाही, मीसुद्धा खेळते.

आणि हेही सांगते, की उत्तर प्रत्येकाचं हेच येणार नाही. ज्या मैत्रिणीचा डेक आहे तिनं तो जाणूनबुजून घेतला. ती ऑनलाइन स्पर्धेचे गेम खेळत नाही, स्टीमवर तिचे जुने गेम भरपूर होते, रात्री पलंगावर पडून तासभर खेळायचं एवढंच तिचं वाक्य होतं, आणि वॉरंटी नाही ही जोखीम तिनं आधीच मान्य केली होती. तिचा प्रश्न वेगळा होता, म्हणून तिचं उत्तरही बरोबरच आहे. दुसऱ्या कुणाला मोठा पडदा हवा असेल तर लीजन गो बरोबर ठरेल, फक्त ८५४ ग्रॅम तासभर हातात धरून बघावे. घरात गुळाची किलोची ढेप असेल तर ती धरून सराव करा, जवळपास तेवढंच आहे.

तुम्ही संशोधनाकडे येताय, तेव्हा पुढची चार-पाच वर्षं तुमच्यासमोर सतत आकडे येणार आहेत. आकडा दिसला की त्याला दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: तू कोणत्या अटींत मोजला गेलास, आणि माझ्या अटी त्याच आहेत का? दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर आकडा खोटा ठरत नाही. तो तुमच्यासाठी मोजलेला नाही, एवढंच.

तुम्ही सध्या एखादी मोठी खरेदी करायच्या विचारात असाल, लॅपटॉप असो, हँडहेल्ड असो किंवा लॅबचं उपकरण, तर तुमचं ते एक वाक्य खाली लिहून पाठवा. आपण मिळून त्याची चिरफाड करू.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत मोजायला बसाल तेव्हा आधी चार्जर काढलाय का ते बघा.